प्रकृतीचा मागचा जन्म : 'वाग्नर ड्रीम' हा ऑपेरा आणि चांडालिकेची कथा

'वाग्नर ड्रीम' हा इंग्रज संगीतकार जोनाथन हार्वी (१९३९–२०१२) यांचा ऑपेरा. त्याचा पहिला प्रयोग २८ एप्रिल २००७ रोजी लक्झेंबर्ग शहरातल्या ग्रँड थिएटरमध्ये झाला आणि नंतर त्याच वर्षी तो अॅमस्टरडॅमला गेला. संहिता फ्रेंच लेखक जाँ-क्लोद कारिएर यांची आहे. पीटर ब्रूक यांच्या गाजलेल्या 'महाभारत' नाटकाची संहिता लिहिणारे तेच हे कारिएर. तथागत बुद्ध, भिक्खू आनंद आणि चांडाळाची मुलगी प्रकृती ही या ऑपेरातली गाणारी पात्रे आहेत. त्यांच्यासोबत रंगमंचावर जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर आपल्या आयुष्याची शेवटची घटका मोजत असतो.

अंबाजोगाईत बसून ऑपेरावर लिहायचे म्हणजे थोडे नवलच. आमच्या गावाची ओळख आद्यकवी मुकुंदराज आणि पासोडीवर ग्रंथ लिहिणारे दासोपंत यांच्यामुळे आहे. संतांची गोष्ट गाऊन सांगायची म्हटले की इथे कीर्तन आठवते, आणि आपल्या वस्तीत भीमगीतांचा कार्यक्रम. पण या परदेशी ऑपेरातली प्रकृती आपल्याला अनोळखी नाही. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती आहे. वर्षावासात विहारात ग्रंथाचे वाचन चालते तेव्हा दरवर्षी तिचे प्रकरण येते. एकाच मुलीची गोष्ट वाग्नर, टागोर, बाबासाहेब आणि हार्वी यांनी चार प्रकारे सांगितली. त्यात प्रत्येकाने काय ठेवले आणि काय गाळले, हे पाहण्यासाठी हा लेख.

मूळ कथा

प्रकृतीची कथा पाली तिपिटकातली नाही. ती संस्कृत बौद्ध साहित्यातली आहे. 'दिव्यावदान' या कथासंग्रहातले तेहतिसावे अवदान 'शार्दूलकर्णावदान' या नावाने ओळखले जाते, त्यात ती येते. श्रावस्तीत भिक्खू आनंद भिक्षा आटोपून पाण्याजवळ येतात. तिथे पाणी भरणाऱ्या मुलीकडे ते प्यायला पाणी मागतात. मी चांडाळाची मुलगी आहे, असे ती सांगते. मी तुझे कूळ किंवा जात विचारलेली नाही, पाणी असेल तर दे, अशा अर्थाचे उत्तर आनंद देतात.

कथेचा एवढाच भाग सगळीकडे सांगितला जातो. बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरमागे रांग लावणाऱ्या माणसांना त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पण अवदान इथे संपत नाही, खरे तर इथे ते सुरू होते. प्रकृती आनंदांच्या प्रेमात पडते. तिची आई मंत्र घालून आनंदांना घरी ओढून आणते. तथागत त्यांना सोडवतात. प्रकृती आनंदांच्या मागे मागे फिरू लागते, शेवटी तथागतांसमोर येते आणि उपदेश ऐकून भिक्खुणी होते. मग श्रावस्तीत खळबळ उडते. चांडाळाची मुलगी भिक्खुणी झाली, आता ती चांगल्या घरांत भिक्षेला येणार! ब्राह्मण चिडतात आणि राजा प्रसेनजित जाब विचारायला येतो.

त्यांना उत्तर म्हणून तथागत एक जुनी गोष्ट सांगतात. त्रिशंकू नावाचा चांडाळांचा राजा होता. त्याचा मुलगा शार्दूलकर्ण. त्याच्यासाठी त्रिशंकू पुष्करसारी या ब्राह्मणाच्या मुलीला मागणी घालतो. ब्राह्मण संतापतो. त्यावर त्रिशंकू जातिभेदाचा जो समाचार घेतो तो सविस्तर आणि मुद्देसूद आहे. सोने आणि राख यांत फरक दिसतो, उजेड आणि अंधार यांत दिसतो. ब्राह्मण आणि इतर माणूस यांच्यात तसा कोणता फरक दाखवता येतो, असे तो विचारतो. ब्राह्मणही आईच्याच पोटी जन्मतो, आकाशातून पडत नाही किंवा जमीन फोडून वर येत नाही, असेही बजावतो. नंतर वेदांच्या शाखांपासून नक्षत्रांपर्यंतचे आपले ज्ञान तो पुष्करसारीपुढे मांडतो. नक्षत्रांचा हा भाग इतका मोठा आहे की भारतीय ज्योतिषाच्या इतिहासाचे अभ्यासकही हे अवदान उघडतात. ब्राह्मण निरुत्तर होतो आणि मुलगी देतो. ती मुलगी म्हणजे मागच्या जन्मीची प्रकृती, शार्दूलकर्ण म्हणजे आनंद आणि त्रिशंकू म्हणजे स्वतः तथागत, असा उलगडा शेवटी होतो.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. मूळ अवदानात मागचा जन्म शिक्षेचे कारण म्हणून आलेला नाही. ब्राह्मणाची मुलगी चांडाळाच्या घरी नांदायला जाते, आणि जातीचा दावा वादात हरतो.

वाग्नरचा आराखडा

फ्रेंच पंडित युजेन बुर्नूफ यांचा भारतीय बौद्ध धम्माच्या इतिहासावरचा ग्रंथ १८४४ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. युरोपला बौद्ध साहित्याची गंभीर ओळख मुख्यतः या पुस्तकाने करून दिली. तत्त्वज्ञ शोपेनहॉवरच्या लेखनाने भारावलेल्या वाग्नरने ते वाचले आणि १६ मे १८५६ रोजी झुरिकमध्ये 'डी झीगर', म्हणजे 'विजेते', या ऑपेराचा छोटा आराखडा लिहिला. हा ऑपेरा त्याने कधी पुरा केला नाही. त्यातल्या त्यागाच्या आणि करुणेच्या कल्पना पुढे 'पार्सिफाल' या त्याच्या १८८२ च्या शेवटच्या ऑपेरात मुरल्या, असे अभ्यासक मानतात.

आराखड्यात बुद्ध जातिव्यवस्थेवर हल्ला चढवतात, असे वाग्नरने लिहिले आहे. हे त्याच्या पदरात टाकले पाहिजे. पण त्याच्या पुढचेच वाक्य मागच्या जन्मावर जाते आणि तिथे गोष्ट उलटी होते. त्याच्या आराखड्यात ब्राह्मणाची गर्विष्ठ मुलगी चांडाळ राजाच्या मुलाला नाकारते आणि त्याची टिंगल करते. त्या गर्वाचे प्रायश्चित्त म्हणून ती चांडाळाच्या घरी जन्म घेते आणि न मिळणाऱ्या प्रेमात जळते. त्रिशंकूचा वाद गेला, निरुत्तर झालेला ब्राह्मण गेला, आणि चांडाळाच्या घरचा जन्म ही भोगायची सजा झाली.

वाग्नरने असे का केले असावे? एक कारण संगीताचे आहे. त्याच्या ऑपेरांत प्रत्येक पात्राला, वस्तूला, भावनेला एक छोटी सूचक धून असते. ती पुन्हा वाजली की ऐकणाऱ्याला आधीचे सगळे आठवते. समोर या जन्मीची प्रकृती गाते आहे आणि वाद्यांतून मागचा जन्म ऐकू येतो आहे, ही कल्पना अशा संगीतकाराला मोहात पाडणारच. दुसरे कारण नाटकाचे आहे. १८५८ साली व्हेनिसमध्ये मॅथिल्डे वेसेनडोंक हिच्यासाठी लिहिलेल्या रोजनिशीत त्याने आपली अडचण मांडली आहे. जो माणूस पूर्ण मुक्त आहे, ज्याला काही हवेसे उरले नाही, त्याचे नाटक कसे करायचे? त्यावर वाग्नरचा तोडगा असा, की प्रकृतीला संघात घेताना बुद्धही शेवटची एक पायरी चढतात. तोवर संघाचे दार स्त्रियांना बंद होते, ते तिच्या दुःखामुळे उघडते.

नाटककार म्हणून हा तोडगा हुशारीचा आहे. पण याच वाग्नरने १८५० साली संगीतातल्या ज्यू माणसांवर विषारी लेख लिहिला होता आणि १८६९ मध्ये तो स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. दूरच्या चांडालिकेविषयी कळवळा आणि गावातल्या ज्यूविषयी द्वेष, हे दोन्ही एकाच टेबलावर लिहिले गेले. आपल्याकडेही अशी टेबले पुष्कळ आहेत.

टागोर

रवींद्रनाथांपर्यंत ही कथा राजेंद्रलाल मित्र यांच्या नेपाळमधील संस्कृत बौद्ध ग्रंथांवरच्या १८८२ च्या पुस्तकातून आली. 'चंडालिका' हे नाटक १९३३ चे, पुणे करारानंतरच्या वर्षातले. १९३८ मध्ये त्यांनी त्याची नृत्यनाटिका केली. त्यांची प्रकृती मागच्या जन्मात अडकत नाही. पाणी मागितले गेले त्या क्षणी आपण माणूस आहोत हे तिला कळते आणि हाच तिचा नवा जन्म ठरतो. मात्र नाटकाचा बराच भाग आईच्या मंत्रात आणि प्रकृतीच्या ओढीत जातो. ब्राह्मणांची खळबळ, राजाचा जाब आणि त्रिशंकू इथेही नाहीत.

बाबासाहेबांची प्रकृती

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. दुसऱ्या खंडात स्त्रियांच्या धम्मदीक्षेवर स्वतंत्र भाग आहे आणि त्यात दोनच प्रकरणे आहेत. पहिले महाप्रजापती गौतमी, यशोधरा आणि त्यांच्या सोबतिणींचे, दुसरे प्रकृती चांडालिकेचे.

हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. संघाचे दार महाप्रजापती आणि तिच्यासोबतच्या स्त्रियांनी मागणी करून, पायी चालत येऊन, दाराशी उभे राहून उघडायला लावले. प्रकृती येते तेव्हा ते उघडलेले असते. वाग्नरच्या आराखड्यात तेच दार एका मुलीच्या प्रेमभंगामुळे उघडते. स्त्रियांनी हक्क मागितला असे म्हणणे आणि स्त्रीच्या अश्रूंनी महापुरुषाला पाझर फुटला असे म्हणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाबासाहेबांनी गोष्ट साधी ठेवली. पाणी, मुलीचे मन जडणे, आईने आनंदांना घरी बोलावणे, आनंदांचे ठाम राहणे, मग तथागतांसमोरचा संवाद आणि दीक्षा. मागचा जन्म पूर्ण वगळला. बाबासाहेब जुन्या साहित्याची छाननी कशी करत, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे वगळणे सहज झालेले वाटणार नाही. याच ग्रंथाच्या चौथ्या खंडात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासला आहे आणि बुद्धांचा कर्मविचार याच जन्मातल्या कृतीशी आणि समाजाच्या नैतिक व्यवस्थेशी जोडला आहे. मागच्या पापामुळे माणूस दलित जन्मतो असे मानले, तर राज्याची आणि समाजाची जबाबदारीच संपते, हा त्यांचा मुद्दा होता.

त्रिशंकूचा वादही त्यासोबत गेला, याची आम्हाला थोडी हळहळ वाटते. पण तो वाद मागच्या जन्माच्या चौकटीत बसवलेला होता, आणि चौकट ठेवली असती तर वाग्नरने काढला तसा अर्थ कोणीतरी काढलाच असता. आम्ही कामानिमित्त ज्या वस्त्यांत जातो तिथे आजही आजारी मुलाच्या आईला, टाकून दिलेल्या बाईला, ऊसतोडीत कंबर गेलेल्या मजुराला 'मागच्या जन्मीचे भोग' हे उत्तर ऐकावे लागते. ते देणारे बहुधा वाईट माणसे नसतात, त्यांना ती समजूत घालायची असते. आणि तिथेच अर्ज करायचा राहून जातो.

हार्वी यांचा प्रयोग

हार्वी हे विसाव्या शतकातल्या प्रयोगशील संगीतकारांपैकी एक. पॅरिसच्या 'इर्काम' या संगीत-संशोधन संस्थेत त्यांनी संगणकावर बरेच काम केले. विंचेस्टर कॅथेड्रलमधली मोठी घंटा आणि गायकवृंदातल्या आपल्या मुलाचा आवाज यांचे मिश्रण करून त्यांनी १९८० मध्ये केलेली रचना आजही अभ्यासली जाते. ते बौद्ध साधना करत आणि त्यांच्या अनेक रचनांचे विषय त्या परंपरेतले आहेत.

ऑपेरा म्हणजे ढोबळमानाने असे नाटक, की ज्यात सगळे संवाद गायले जातात. आपल्या संगीत नाटकात बोलणे आणि पदे आलटून पालटून येतात, तसे तिथे सहसा नसते. हार्वी यांनी नेमकी ही रीत मोडली. 'वाग्नर ड्रीम'मध्ये दोन जगे आहेत. एक व्हेनिसमधला महाल. तारीख १३ फेब्रुवारी १८८३, वाग्नरच्या मृत्यूचा दिवस. तो, त्याची पत्नी कोझिमा, डॉक्टर, मोलकरीण आणि कॅरी प्रिंगल ही तरुण गायिका, ही सगळी पात्रे नट करतात आणि ती फक्त बोलतात. दुसरे जग प्रकृती, तिची आई, आनंद, बुद्ध आणि एक म्हातारा ब्राह्मण यांचे. ही पात्रे गातात. या दोन जगांमध्ये वैरोचन उभा आहे. महायान परंपरेत वैरोचन हे पाच बुद्धांपैकी एक. इथे तो मरणाऱ्या वाग्नरचा वाटाड्या होतो आणि न लिहिलेला ऑपेरा त्याला दाखवतो. मृत्यूचा एक क्षण ताणून त्यात संपूर्ण नाटक बसवले आहे. मरण आणि पुढची अवस्था यांविषयीच्या तिबेटी बौद्ध कल्पनांची छाया त्यावर स्पष्ट आहे.

संगीत सोपे नाही. गुणगुणत घरी यावे अशी चाल सापडणार नाही. वाद्यांचा ताफा लहान आहे. त्याचा आवाज तिथल्या तिथे इलेक्ट्रॉनिक यंत्रांतून बदलला जातो आणि सभागृहात चहूबाजूंच्या ध्वनिक्षेपकांतून फिरवला जातो. जिवंत माणसे कोरडी बोलतात आणि स्वप्नातली माणसे सुरांत न्हालेली, या योजनेमुळे बुद्धांचे जग खरे आणि व्हेनिसचा महाल पोकळ वाटू लागतो. वाग्नरला आयुष्यात जे लिहिता आले नाही त्याचा अर्थ त्याच्या मृत्यूत शोधणारी ही कल्पना मोठी आहे.

पण प्रकृतीच्या बाबतीत हार्वी आणि कारिएर वाग्नरच्याच आराखड्यावर राहिले. म्हातारा ब्राह्मण हरकत घेतो, आणि बुद्ध तिच्या मागच्या जन्मातल्या गर्वाची गोष्ट सांगतात. वाग्नरचे स्वप्न दाखवायचे तर ते वाग्नरसारखे असणार, हा बचाव करता येईल, आणि तो अगदीच खोटा नाही. तरी बाबासाहेबांचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन पन्नास वर्षे झाल्यावर लिहिलेल्या ऑपेरात चांडालिका अजून प्रायश्चित्तच घेते आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांना खटकेल आणि खटकावी.

२०१३ मध्ये वेल्श नॅशनल ऑपेराने कार्डिफला त्याचा प्रयोग केला. त्या वेळी वाग्नरच्या घरची माणसे जर्मन बोलली आणि बुद्ध, आनंद, प्रकृती पालीत गायले. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर २०१२ मध्ये, हार्वी यांचे निधन झाले होते. ज्या प्रकृतीची कथा पालीत नाही तिने युरोपच्या रंगमंचावर पालीत गावे, ही एक गंमतच. फिलिप ग्लास यांनी १९८० मध्ये 'सत्याग्रह' या गांधीजींवरच्या ऑपेरात गीतेचे संस्कृत वापरले होते. त्या मानाने पालीची निवड आम्हाला जवळची वाटते. विहारातल्या वंदनेमुळे पालीचा कान तयार असलेला आपला श्रोता तिथे बसला असता, तर संगीत परके वाटूनही एखादा शब्द त्याला ओळखीचा लागला असता.

गाणार कोण?

धार्मिक व्यक्तींवरच्या प्रयोगशील ऑपेरांचा विषय निघाला की अमेरिकेतल्या 'फोर सेंट्स इन थ्री अॅक्ट्स'चे नाव येतेच. शब्द गर्ट्रूड स्टाइन यांचे, संगीत व्हर्जिल थॉमसन यांचे. ८ फेब्रुवारी १९३४ रोजी हार्टफर्ड शहरात तो पहिल्यांदा झाला आणि लगेच न्यूयॉर्कला गेला. नावात चार संत आणि तीन अंक असले तरी प्रत्यक्षात संत कितीतरी जास्त आणि अंक चार आहेत. शब्दांना सरळ अर्थ नाही. पण इतिहासात तो राहिला तो दुसऱ्या कारणाने. अविलाची तेरेसा, इग्नेशियस हे सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत आणि बाकी सगळ्या भूमिका कृष्णवर्णीय गायकांनी केल्या. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या शहरात शिकले त्याच न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतून यातले पुष्कळ कलावंत आले. नोकर आणि गुलाम यांखेरीज भूमिका न मिळण्याच्या त्या काळात ते संत झाले. वृंदाच्या प्रमुख इव्हा जेसी यांनी तालमींचेही पैसे मिळावेत असा आग्रह धरला. त्यांचे उच्चार आणि शब्द गाण्यातला मोकळेपणा आपल्याला हवा होता, असे थॉमसन सांगत. या कौतुकातही वंशाचा एक साचा होता, हे नंतरच्या टीकाकारांनी दाखवले आहे. शब्द, सूर आणि दिग्दर्शन गोऱ्यांच्याच हातात राहिले.

'वाग्नर ड्रीम'मध्ये तेवढेही नाही. लक्झेंबर्ग आणि कार्डिफ दोन्हीकडे प्रकृतीची भूमिका क्लेअर बूथ या इंग्रज गायिकेने केली. तिने ती चांगली केली, आणि कोणी काय गावे यावर जातीचा किंवा वर्णाचा पहारा बसवावा असे आम्ही म्हणत नाही. पण कथेची निवड, तिचा अर्थ आणि तिचा आवाज या तिन्ही ठिकाणी जिच्याविषयी ती आहे ती माणसे नसली, म्हणजे त्रिशंकूसारखे पात्र कसे गळून पडते, हे या दीडशे वर्षांत दिसते.

आपल्या रंगमंचाचा इतिहास याच्या उलटा आहे. सत्यशोधक आणि नंतर आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच साचा घेतला आणि त्यातला आशय बदलला. भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांच्या जलशांत गाणारे, लिहिणारे आणि ऐकणारे एकाच वस्तीतले होते. म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात बाबासाहेबांसमोर झाले आणि पुढच्या वर्षी धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही झाले. वेगवेगळ्या युगांतून फिरणारे नाटक मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांनी तेव्हा करून दाखवले होते, आणि त्यासाठी त्यांना इलेक्ट्रॉनिक यंत्रे लागली नव्हती.

त्रिशंकू आणि पुष्करसारी यांचा संवाद तर वगासाठी तयार बसला आहे. मागचा जन्म काढून टाकला तरी त्याचे काही बिघडत नाही. मुलासाठी मागणी घालायला आलेला बाप, संतापलेला मुलीचा बाप, एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने चिडायचे. सवाल-जवाबाला आणखी काय लागते? त्यात त्रिशंकू नक्षत्रांची नावे एकामागून एक सांगू लागतो तिथे ढोलकी आपोआप चढेल. आणि शेवटी ब्राह्मण हरतो, लग्न ठरते.

ज्यांना मुळातून वाचायचे आहे त्यांनी 'दिव्यावदाना'तले तेहतिसावे अवदान आणि बाबासाहेबांच्या ग्रंथाचा दुसरा खंड शेजारी ठेवून वाचावेत. 'वाग्नर ड्रीम'चे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते शांत खोलीत, चांगल्या हेडफोनवर ऐकावे. मोबाइलच्या स्पीकरवर त्यातला निम्मा आवाज पोहोचतच नाही.